धागा: गणित अडलेल्याला आधी उत्तर द्यायचं की आधी विचारायचं, "कुठं अडलं"?

झेरॉक्सवाली_ताई

नागपुरात महाल भागात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शाळा सुटली की पोरं प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढायला येतात. मशीन तापेपर्यंत दोन मिनिटं जातात, तेवढ्यात काउंटरवर गप्पा होतात. तीस वर्षांपूर्वी गणितात एम.एस्सी. केलं होतं. त्याचा पहिला खराखुरा उपयोग असा झाला, की एका मुलाच्या वहीचं पान काचेवर ठेवता ठेवता मी म्हटलं, "अरे, तिसऱ्या ओळीत वजा सुटलाय." दुसऱ्या दिवशी तो दोन मित्रांना घेऊन आला. २०२० मध्ये दुकान बंद होतं तेव्हा हीच पोरं मोबाईलवर फोटो पाठवायला लागली, ते आजतागायत सुरू आहे. आता त्यांची धाकटी भावंडं, मावसबहिणी, गोंदिया-चंद्रपूरकडची कोण कोण असतात. जेवणं झाली की नऊ ते अकरा मी वही घेऊन बसते. पैसे घेत नाही. दुकानातली उधारी मात्र सोडत नाही.

धागा काढायचं कारण मागच्या आठवड्यातलं. रात्री पावणेअकराला एका मुलीचा मेसेज आला: "ताई, संत्र्यांच्या ढिगात १० थर आहेत, सगळ्यात वर १ संत्रं, तर एकूण किती?" बस, एवढंच. (नागपूरकरणीनं संत्र्यांचंच उदाहरण सांगावं, हे मलाही ओशाळवाणं वाटतं, पण प्रश्नच तो होता.) माझ्या डोळ्यांपुढे कॉटन मार्केटमधला चौकोनी रचलेला ढीग आला. वर १, खाली ४, मग ९, मग १६. म्हणजे १ ते १० च्या वर्गांची बेरीज. न(न+१)(२न+१)/६ मध्ये १० घातले, १०×११×२१ भागिले ६, उत्तर ३८५. पाठवलं आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दुकानात आली ती तोंड पाडूनच. पुस्तकात उत्तर २२० होतं आणि वर्गात तिला फळ्यापाशी उभं केलं होतं. पुस्तक पाहिलं तर प्रश्नाची पहिली ओळ होती, "तळाशी त्रिकोणी मांडणी असलेल्या ढिगात…" त्रिकोणी ढीग म्हणजे १, ३, ६, १० असे थर, सूत्र न(न+१)(न+२)/६, आणि १०×११×१२ भागिले ६ म्हणजे बरोब्बर २२०. ती ओळ तिला बिनकामाची वाटली म्हणून तिनं टाइपच केली नव्हती.

तिनं अर्धा प्रश्न पाठवला हे खरं. पण ढीग कसा रचलाय हे मीही विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. त्याहून वाईट म्हणजे तिनं ३८५ वहीत उतरवताना "हे वर्ग कुठून आले?" असं मला विचारलं नाही. विचारलं असतं तर घोटाळा तिथंच उघडा पडला असता. मी तिला विचारायची सवयच लावलेली नाही, गेली पाच-सहा वर्षं नुसती उत्तरं वाटत्येय.

इथं बरेच जण मुलांना गणितं सोडवून देतात हे माहीत आहे. तुम्ही कसं करता?

बर्डीकर

ताई, त्या पोट्टीला सांगा का मार्केटातला ढीग आतून पोकळ रायते. वर मोठी संत्री, खाली चिल्लर. ३८५ बी नाही न २२० बी नाही.

बाकी धागा मस्त. वाचून राहिलो.

समीकरण_७

मी मूळचा नंदनवनचा, सध्या पुण्यात. माझं मत सरळ आहे: पूर्ण सोडवून द्यावं, प्रत्येक पायरी लिहून. मी स्वतः सोडवलेली उदाहरणं वाचून वाचूनच शिकलो. पोहायला शिकवताना आधी कोणीतरी पोहून दाखवतं ना? रोज दहा-बारा प्रश्न येतात, प्रत्येकाची उलटतपासणी करत बसलो तर नोकरी कधी करू?

कंपासपेटी

मी ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त. सक्करदऱ्याला राहतो. समीकरण_७, पोहून दाखवायला माझी हरकत नाही, पण रोज तुम्हीच पोहत असाल तर काठावरचं पोर काठावरच राहणार.

माझा अनुभव सांगतो. मूल जेव्हा "हे गणित येत नाही" म्हणतं तेव्हा दहातल्या आठ वेळा त्याला गणित येत असतं, एक ओळ येत नसते. ती ओळ कोणती, हे शोधणं म्हणजेच मदत. उदाहरण घ्या. (क्ष−२)(क्ष−३) = १२. एका मुलानं लिहिलं, क्ष−२ = १२ किंवा क्ष−३ = १२, म्हणून क्ष = १४ किंवा १५. याला तुम्ही बरोबर उत्तर दिलं, म्हणजे कंस सोडवा, क्ष²−५क्ष−६ = ०, क्ष = ६ किंवा −१, तर तो वहीत उतरवून घेईल आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच करील. कारण त्याच्या डोक्यात गडबड वेगळीच आहे. त्याला शिकवलंय, "गुणाकार शून्य असेल तर दोघांपैकी एक शून्य." त्यानं शून्याच्या जागी १२ बसवले. शून्याचं ते वैशिष्ट्य बाराला नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. मी त्याला फक्त म्हटलं, "१४ मूळ समीकरणात घालून बघ." घातले. १२ गुणिले ११, १३२. तो माझ्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "बारा कसे कसे होतात?" तो म्हणाला, ३×४, २×६, १×१२… आणि मधेच थांबून, "अरे, मग १२ गुणिले एक हवं होतं!" झालं. पुढचं त्यानंच केलं.

उत्तर मूळ समीकरणात घालून बघायची सवय एवढी जरी लावली तरी पुष्कळ. √(क्ष+६) = क्ष घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की ३ आणि −२ मिळतात, आणि −२ घालून बघितलं की डावीकडे २, उजवीकडे −२. वर्ग करताना एक पाहुणा घरात शिरला, तो घरचा नव्हे.

दहावीची_आई

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. तुमच्याकडे मूल समोर बसलेलं असतं. माझ्या घरी रात्री साडेअकराला पोरगी रडते आहे, सकाळी सातला शाळा, वही तपासणार आहेत, आणि ज्यांना गणित पाठवलं ते काका विचारतात, "तुला काय वाटतं बेटा, पुढची पायरी काय असेल?" अहो, तिला वाटत असतं तर तिनं तुम्हाला कशाला विचारलं असतं? तिसऱ्यांदा "विचार कर" आलं तेव्हा मीच फोन हातात घेतला आणि लिहिलं, की कृपा करून उत्तर पाठवा आणि झोपा.

मदत करणाऱ्यांना कधी कधी आपण किती हुशारीनं मदत करतोय याचंच कौतुक जास्त असतं. राग मानू नका.

झेरॉक्सवाली_ताई

राग कसला, खरं आहे ते. मलाही अशी लहर येते. रडणाऱ्या मुलाला आधी उत्तर द्यावं, "का" दुसऱ्या दिवशी. फक्त तो दुसरा दिवस उजाडला पाहिजे, तिथं मी कमी पडते.

फक्त_पास

मी दहावीत आहे. मराठी माध्यम. मोठ्यांच्या धाग्यात बोलतो म्हणून सॉरी.

आम्ही नुसता प्रश्नाचा फोटो का टाकतो ते सांगू का? तुम्ही म्हणता तू काय केलं ते पाठव. पण जे केलं ते चुकलेलं आहे हे मला माहीत असते. चुकलेलं पान पाठवायची लाज वाटते. त्यात खाडाखोड असते, आणि एकदा एका दादानं माझ्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली हसायचे चेहरे टाकले. तेव्हापासून मी सांगतो की काहीच येत नाही. ते सोपं पडते.

बर्डीकर

असा कोन दादा आहे बे? नंबर दे त्याचा.

झेरॉक्सवाली_ताई

नंबर-बिंबर कोणी देऊ नका इथं. 😊

बाळा, सॉरी कशाला. मला हे कधी सुचलंच नव्हतं. "काहीच येत नाही" म्हणणाऱ्या पोरांवर मी आजवर चिडत आले.

क्लासवाला

मी मानेवाड्याला दहावीचे वर्ग घेतो. दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, तत्त्वज्ञान सर सांगतीलच.

पहिली गोष्ट, विचारणारा कितवीत आहे आणि कोणत्या बोर्डाचा, हे आधी विचारा. आपल्या बोर्डात दहावीला बीजगणिताचा ४० गुणांचा पेपर वेगळा आणि भूमितीचा ४० चा वेगळा, आणि दोन्हींत पायऱ्यांना गुण आहेत. माझ्या एका विद्यार्थ्यानं स्पर्शिकेचं गणित कुणा इंजिनिअर भाऊला विचारलं. त्या भाऊंनी निर्देशक घेतले, विकलन (डिफरन्सिएशन) केलं, चार ओळींत उत्तर. उत्तर बरोबर! पण पोराला विकलन म्हणजे काय ते माहीत नाही. तिथं फक्त "स्पर्शिका त्रिज्येला लंब असते" एवढं सांगायचं होतं, बाकी पायथागोरस.

दुसरी गोष्ट कंसांची. मोबाईलवर पोरं लिहितात "क्ष+१/२ = ३". आता हे (क्ष+१)/२ असेल तर क्ष = ५, आणि क्ष + १/२ असेल तर अडीच. मी आता ठरवूनच टाकलंय, की असा मेसेज आला की सोडवायचं नाही, आधी दोन्ही वाचून दाखवायचे आणि "यातलं कोणतं?" विचारायचं. तीच गत वर्गाची. क्ष२ म्हणजे क्ष चा वर्ग की दोन क्ष? फोटो आला तर आडवा, अंगठा मधोमध, आणि आकृती पुढच्या पानावर राहिलेली.

तिसरं, भाषा. सेमी-इंग्रजीवाल्या मुलीला मी "कर्ण" म्हणालो, ती म्हणाली महाभारतातला? तिला हायपोटेन्यूज माहीत. मराठी माध्यमाचा मुलगा उलट. त्याला को-को कसोटी, बाकोबा या त्रिकोणांच्या कसोट्या झोपेत विचारल्या तरी येतात, पण यूट्यूबवरचं इंग्रजी ऐकून तेच प्रमेय त्याला नवीन वाटतं. दोन्ही शब्द सोबत लिहीत जा, फार फरक पडतो.

समीकरण_७

तो विकलनवाला इंजिनिअर मी नाही, एवढं नोंदवून ठेवतो. (पण असू शकलो असतो.)

श्रेढी

मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. मला श्रेढीचे, म्हणजे एका नियमानं येणाऱ्या पदांचे, प्रश्न आवडतात, कारण तिथं सूत्र न सांगताही मदत करता येते. चुलत भावाला प्रश्न होता:

१/(१×२) + १/(२×३) + १/(३×४) + … + १/(९९×१००)

त्यानं काय केलं असेल? लसावि काढायला घेतला. २, ६, १२, २०… वहीची दोन पानं, लसावि ४२० वर पोचला तेव्हा मला फोन. याचं उत्तर पुस्तकी पद्धतीनं सांगायचं तर एका ओळीत संपतं: १/(१×२) म्हणजे १/१ − १/२, पुढचं १/२ − १/३, मधलं सगळं उडतं. पण ही ओळ आकाशातून पडल्यासारखी वाटते. "हे फोडायचं कसं सुचलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी वेगळं केलं. म्हटलं, "९९ पदं विसर. पहिलं एकच घे. मग पहिली दोन मिळव. मग तीन. फक्त उत्तरं एकाखाली एक लिही."

१/२
२/३
३/४
४/५

चौथ्यानंतर तो गप्प झाला. फोनवर पेन टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "म्हणजे ९९/१००? असं कसं काय?" आता "असं कसं काय" हा प्रश्न त्याचा होता, माझा नाही. तेव्हा मग ती फोड सांगितली आणि ती त्याच्या डोक्यात बसली.

आणखी एक गोष्ट, या धाग्याला लागू पडते म्हणून. रामानुजननं १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात वाचकांसाठी एक प्रश्न टाकला होता (ही सोसायटी १९०७ ची). प्रश्न असा:

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …)))) = ?

वाट बघितली, सहा महिने कोणाचंच उत्तर आलं नाही, शेवटी त्यानंच दिलं: ३. कसं ते बघताना मजा येते. ३ = √९ = √(१ + २×४). आता ते ४ म्हणजे √१६ = √(१ + ३×५). ते ५ म्हणजे √(१ + ४×६). ६ चं तसंच, असं आत आत जात राहायचं. अनंतापर्यंत गेल्यावर नक्की ३ च राहतात हे नीट सिद्ध करायला थोडं जास्त लागतं, पण रस्ता हाच. मला गंमत याची वाटते, की त्यानंही आधी सहा महिने थांबून पाहिलं. आपण सहा मिनिटं थांबत नाही.

दहावीची_आई

श्रेढी, सहा महिने थांबलं तर आमची बोर्डाची परीक्षा होऊन जाईल गं. पण ते चार अपूर्णांक मी आत्ता लेकीला करायला दिले. ती उठून बसली आहे. धन्यवाद.

कंपासपेटी

भूमितीचं राहिलं. भूमितीत मदत करताना सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आकृती. मुलं आकृतीवर विश्वास ठेवतात. "सर, दिसतंय ना सारखं!" माझं एक जुनं औषध आहे, इथं टाकतो. "प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो" याची सिद्धता. चूक शोधा.

पक्ष: त्रिकोण अबक, कोणताही. कोन अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक म या बिंदूत छेदतात. म पासून अब वर मप लंब, अक वर मफ लंब.

म हा कोनदुभाजकावर आहे, म्हणून मप = मफ, आणि त्याचमुळे अप = अफ.
म हा बक च्या लंबदुभाजकावर आहे, म्हणून मब = मक.
कर्ण-भुजा कसोटीनं त्रिकोण मपब आणि मफक एकरूप, म्हणून पब = फक.
अप + पब = अफ + फक.
म्हणून अब = अक. सिद्ध.

बर्डीकर

हे काय होऊन राहिलं बाप्पा. मी तीनदा वाचलं, सगळं बरोबर दिसते.

समीकरण_७

कर्ण-भुजा बरोबर आहे, काटकोन दोन्हीकडे आहेत… कोनदुभाजकाचा गुणधर्मही बरोबर. अब आणि अक समान असतील तर दुभाजक आणि लंबदुभाजक एकच रेषा होते, पण ते वेगळं. थांबा, जेवून येतो.

फक्त_पास

सर, मी खरी आकृती काढू का? तुमच्या सिद्धतेत आकृतीच नाही.

कंपासपेटी

काढ. पण हातानं नाही, कंपास घेऊन. अब ८ सेमी, अक ५ सेमी, बक ७ सेमी.

फक्त_पास

सर, काढली. म आत येतच नाही! बक च्या खाली, बाहेर जाते. मला वाटलं माझा कंपास ढिला आहे (आहेच), म्हणून पुन्हा काढली. पुन्हा बाहेरच. आणि म पासून अक वर लंब टाकायला गेलो तर अक संपूनच जाते, क च्या पुढे वाढवावी लागते. फ क च्या पलीकडे पडला. प मात्र अब वरच आहे.

मोजलं. अप साडेसहा, अफ साडेसहा. पब दीड, फक दीड. म्हणजे तुमच्या सगळ्या ओळी खऱ्या आहेत. फक्त अब = ६.५ + १.५ = ८, आणि अक = ६.५ − १.५ = ५. एकीकडे अधिक आणि एकीकडे वजा. बेरीज करतानाच चोरी आहे!!

कंपासपेटी

शाब्बास. नाव बदल आता, फक्त_पास ठेवू नको. म हा बिंदू नेहमी त्रिकोणाच्या परिवर्तुळावर (तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळावर) पडतो, अ च्या समोरच्या कंसाच्या मधोमध, म्हणून तो आत येणं शक्यच नाही. का पडतो, ते आंतरलिखित कोनांवरून तूच बघ, वर्तुळाच्या प्रकरणात सगळं आहे.

आणि समीकरण_७, जेवण झालं का?

समीकरण_७

झालं सर. कान धरले. मी अजून तोंडीच करत होतो, कागद घेतलाच नव्हता.

बर्डीकर

आकृतीवरून आठवलं. माझ्या पुतण्याले त्रिकोणमितीचा प्रकल्प होता, सावलीवरून उंची काढा. सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या कोनाचा टॅन, सोपं. थो मले म्हणे, काका, आपल्या कॉलनीतली पाण्याची टाकी मोजू. गेलो. कोनते दिवस? मे चा शेवटचा हप्ता. कोनता वेळ? बारा वाजून दहा मिनिटं, काहून का सकाळी थो उठत नाही. टेप घेऊन उभे राहिलो न सावलीच नाही! टाकीची बी नाही न आमची बी नाही. ४५ डिग्रीत दोघं टाकीच्या बुडाशी आपलेच पाय पाहून राहिलो.

घरी येऊन कूलरसमोर बसलो तेव्हा समजलं. नागपूर २१ अंशाच्या जरा वर, कर्कवृत्ताच्या खाली. मे च्या शेवटी न मग जुलैत, सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येते. कोन ९०, न टॅन ९० काढाल जाल तं कॅल्क्युलेटर बी हात जोडते. संध्याकाळी पाच वाजता पुन्हा गेलो तं सावली भेटली.

क्लासवाला

हे मी वर्गात सांगणार आहे. तुमचं नाव न घेता.

दहावीची_आई

एक प्रश्न सगळ्यांना. आता मोबाईलनं फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप आहेत, एआय आहे. मग तुम्ही सगळे रात्री अकरापर्यंत जागून हे करता, ते कशासाठी? टोमणा नाही, खरंच विचारते.

झेरॉक्सवाली_ताई

मीही वापरून पाहिलं. अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तेही मोठ्या आत्मविश्वासानं देतं, माझ्यासारखंच. 😄 त्या बाबतीत आम्ही सारखे.

खरं सांगू, मला मजा येते म्हणून. दुकानात दिवसभर आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर काढून देते. त्यात रात्री कोणीतरी विचारतं, "ताई, हे असं का?" माझ्या काउंटरवर मी एक कागद चिकटवलाय: कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतेच. देवळालीच्या शाळेत शिकवणारे कापरेकर मास्तर, त्यांनी शोधलेली ही संख्या. मशीन तापेपर्यंत पोरं बिलाच्या पाठीमागे तेच करत असतात. एकदा एक आजोबा पेन्शनच्या कागदांच्या प्रती न्यायला आले आणि प्रती तिथंच विसरून गेले, वजाबाकीचा कागद मात्र घेऊन गेले.

आता मी काय ठरवलं ते लिहिते, तुम्हाला पटो न पटो. प्रश्न पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय सोडवायचा नाही, ढीग चौकोनी की त्रिकोणी हे विचारायचं. चुकलेलं पान मागायचं, पण ते दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाही. आणि माझं स्वतःचं ३८५ वालं पान मी दुकानात लावलं आहे, लाल पेनानं काट मारून. कालपासून दोन मुलांनी आपणहून खाडाखोडीची पानं पाठवली. त्यातल्या एकाचं चिन्ह चुकलं होतं, एकानं पहिलं पद आणि साधारण फरक यांची अदलाबदल केली होती. दोन्ही मिळून चार मिनिटांचं काम. समीकरण_७, वेळेचं तुमचं म्हणणं होतं ना, ते उलटच निघालं.

समीकरण_७

बरं. एक आठवडा करून बघतो. पण साडेदहानंतर सरळ उत्तर, हे माझ्याकडून.

दहावीची_आई

साडेदहानंतर सरळ उत्तर, याला माझं अनुमोदन.

फक्त_पास

ताई, श्रेढी ताईंचा प्रश्न बघून मी त्याच्यासारखा एक शोधला, गाईडमध्ये होता:

१/(१×३) + १/(३×५) + १/(५×७) + … + १/(१९×२१)

मी तसंच फोडलं. १/१ − १/३. पण ते २/३ येते, आणि पद तर १/३ आहे. पुढचं पण दुप्पट येऊन राहिलं. चुकलेलं पान खाली टाकतो, खाडाखोड आहे.

श्रेढी

अरे वा, पान छान आहे. "दुप्पट येतं" हे तर तू स्वतःच लिहिलंस की. तर ते

झेरॉक्सवाली_ताई

श्रेढी, थांब गं! त्याला आधी एक पद, मग दोन, मग तीन करू दे.

श्रेढी

हो हो. चुकून पाठवलं गेलं. गप्प बसते.

फक्त_पास

१/३
२/५
३/७

हे तर… खाली तीन, पाच, सात. चौथं करतो. १/६३ मिळवायचं आहे, २८/६३, म्हणजे ४/९.

दहा पदं आहेत ना? सांगू नका कोणी. दुपटीचं पण सांगू नका. लाइट गेली आहे, आली की टाकतो.